बाळंतिणीची छाती म्हणजे कणीक नव्हे



पिठाची मर्यादा आपल्याला तोंडपाठ असते. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. लोणचं कधी टाकून द्यायचं, उकळलेलं पाणी किती वेळ चालतं, कुठल्या तिथीला हिरवी भाजी चिरायची नाही, हे घरातली धाकटी सूनही न अडखळता सांगेल. पण बाळंतपणानंतर आईची छाती कितव्या दिवशी दाटते, का दाटते आणि दाटल्यावर काय करायचं, हे विचारून बघा. चार घरांत पाच उत्तरं मिळतील आणि त्यातली तीन बाळंतिणीला रडवणारी असतील.

आज मला त्या तीन उत्तरांशी भांडायचं आहे. ती उत्तरं अशी: 'चोळून गाठी मोडा.' 'दूध नासलंय, बाळाला पाजू नकोस.' आणि 'सहन कर, आम्हीही केलंच की.' विषय छातीचा आहे म्हणून कुणी नाक मुरडेल. नाक मुरडणाऱ्यांनी तर हे आधी वाचावं, कारण ह्याच लाजेपायी आपल्या मुली दाराआड कण्हत बसतात आणि आठव्या दिवशी पावडरच्या डब्यावर येतात.

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झाले, लग्न झालं आणि घर सांभाळलं. नात्यातल्या, शेजारच्या बऱ्याच बाळंतपणांत उशाशी बसले. वाचायची सवय आहे आणि हिशेबाची तर आहेच. म्हणून आधी हिशेब मांडते.

बाळ जन्मल्यावर पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. पिवळसर, घट्ट, चमचा-चमचा. बाळाच्या पोटाला तेवढाच पुरतो. 'दूधच नाही हिला' असं ह्या दिवसांत जी बाई म्हणते, तिला चीक म्हणजे काय ते ठाऊक नाही एवढंच समजा. वार पडल्यानंतर शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात खरं दूध उतरतं. सिझेरियन झालेल्या काही जणींना थोडा उशीर होतो. दूध उतरताना छातीकडे रक्तही जास्त येतं, भोवतीच्या भागात पाणी साठतं. त्यामुळे छाती दगडासारखी घट्ट, गरम, चकचकीत होते. काखेपर्यंत ठणका लागतो, हात खाली टेकवत नाही. प्रसूतीच्या वेळी बरंच सलाईन चढलं असेल तर सूज आणखी जास्त.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ही जी फुगवट दिसते ती सगळी दुधाची नसते, तिच्यात सुजेचा वाटा मोठा असतो. आणि सूज बोंडशीवाटे बाहेर पिळून काढता येत नाही, कितीही जोर लावला तरी.

दुसरी गोष्ट मागणी-पुरवठ्याची. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकलेला नियम मला आईच्या दुधाइतका चोख कुठेच लागू पडलेला दिसला नाही. बाळ जेवढं ओढतं तेवढं शरीर बनवतं. दूध आत तुंबून राहिलं की शरीर समजतं, गिऱ्हाईक नाही, कारखाना मंद करा. म्हणजे दाटलेली छाती दोन-चार दिवस तशीच ठेवली तर आज जिला दूध 'जास्त' आहे तिलाच पंधरा दिवसांनी 'कमी' पडतं. मग सगळे म्हणतात, हिच्या अंगात दूधच नव्हतं. होतं हो! आपणच गिऱ्हाईक दारातून परत पाठवलं.

तिसरी गोष्ट बाळाच्या बाजूची. छाती ताठली की बोंडशीभोवतीचा काळा भाग ताणून सपाट होतो. फुगवलेल्या फुग्याला दाताने धरून बघा, तसं बाळाचं होतं. ते नुसतं टोक पकडतं, दूध येत नाही म्हणून चिडतं, बोंडशीला भेगा पडतात. मग आई कळ येते म्हणून पाजायचं टाळते, तोवर छाती आणखी दाटते. हे चक्र पहिल्या दिवशीच थांबवायचं असतं.

आता पहिल्या उत्तराकडे येऊ. 'चोळून गाठी मोडा.'

आमच्या नात्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगते, नाव-गाव सांगणार नाही. सिझेरियन, चौथ्या दिवशी घरी आली, छाती दगड. न्हाऊ घालणाऱ्या बाईंनी कढत पाणी ओतलं आणि तेल लावून दोन्ही हातांनी कणीक तिंबावी तशी छाती तिंबली. मुलगी ओरडली तर बाई म्हणाल्या, 'वहिनी, जरा कळ काढा, गाठी मोडायला हव्यात.' सासूबाई दारात उभ्या होत्या, त्याही म्हणाल्या, 'थोडं दुखणारच.' तीन दिवस हे चाललं. तिसऱ्या रात्री थंडी वाजून ताप आला, एका बाजूला लाल चट्टा उठला. 'आता ते दूध नासलं' म्हणून त्या बाजूचं पाजणं बंद केलं. पुढच्या आठवड्यात आत पू झाला आणि डॉक्टरांना तो काढावा लागला. पोटावरचे टाके ओले, छातीवर नवी जखम, आणि बाळ बाटलीवर.

त्या बाईंवर माझा राग नाही. त्यांनी त्यांच्या आईकडून शिकलं तेच केलं. पण सुजलेल्या पायाला कुणी असं तिंबत नाही, मुरगळलेल्या घोट्याला आपण हळुवार हात लावतो. मग छातीलाच का? आतल्या दुधाच्या नळ्या केसासारख्या बारीक असतात. जोराने चोळलं की त्यांच्या भोवतीचा भाग आणखी दुखावतो, आणखी सुजतो आणि नळी आणखी दबते. स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, ॲकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन. तिने २०२२ साली स्तनदाहाबद्दलच्या आपल्या सूचना नव्याने लिहिल्या, त्यात खोल, जोराचा मसाज टाळा असं स्वच्छ सांगितलं आहे. हात लावायचाच तर मांजराच्या पाठीवरून फिरवावा इतका हलका, आणि छातीकडून काखेकडे, म्हणजे सुजेचं पाणी ओसरायला वाट मिळते.

जाता जाता हेही सांगते. नवजात बाळाची, मुलगा असो की मुलगी, छाती कधी कधी जराशी फुगलेली दिसते, थेंबभर दूधही दिसतं. आईच्या संप्रेरकांचा तो परिणाम, आपोआप जातो. तेही पिळून काढणारे हात आपल्या घरांत अजून आहेत. ते थांबवा. बाळाला त्यातून गळू होऊ शकतं.

दुसरं उत्तर, 'दूध नासलंय, पाजू नकोस.'

आईच्या अंगात दूध नासत नाही. ते काही काल रात्री पातेल्यात झाकून ठेवलेलं दूध नव्हे. छाती दाटली, अगदी लाल होऊन ताप आला, तरी बहुतेक वेळा पाजणं चालू ठेवायलाच डॉक्टर सांगतात. दाटलेल्या छातीवरचा पहिला उपाय म्हणजे बाळ. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, रात्रीसुद्धा, बाळ मागेल तेव्हा. झोपाळू असेल तर तळपायाला गुदगुल्या करून, दुपटं काढून उठवायचं.

आणि आपण काय करतो? बाळ रडलं की आत्या घेते, मग काकू घेतात, मग मोठी मामी. 'तिला जरा झोपू दे' म्हणत कुणी साखरपाणी चाटवतं, कुणी डबा उघडतं. प्रेमानेच करतात, पण बाळाचं पोट भरलं की ते चार तास आईकडे वळत नाही, आणि आतल्या खोलीत आईची छाती फुटायला आलेली असते. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या पावडरची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, आयांना फुकट नमुने वाटायला बंदी आहे. म्हणून डबा आता जाहिरातीतून येत नाही, तो काकूंच्या पिशवीतून येतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९-२१ चे आकडे बघा. देशात शंभरातली जवळपास ८९ बाळंतपणं दवाखान्यात होतात. पण तासाभरात आईच्या अंगावर घेतलं जातं ते शंभरात जेमतेम ४२ बाळांना. म्हणजे डॉक्टर आहे, नर्स आहे, खाट आहे, आणि बाळ पाळण्यात नाहीतर नातेवाइकांच्या मांडीवर. पहिल्या तासापासून बाळ ओढत राहिलं तर तिसऱ्या दिवशीची दाटी हलकी जाते. ती जमाखर्चाची सुरुवातच आपण चुकीच्या पानावर करतो.

आणखी एक उलटी रीत. छाती दगड झालेली असताना त्याच दिवशी अळिवाची खीर, मेथीचे लाडू, शतावरी, 'दूध वाढावं म्हणून'. अहो, आधी आलेलं उतरू दे की! नाहीतर याच्या नेमकं उलट, दूध कमी व्हावं म्हणून पाणी तोडायचं. पाणी तोडल्याने सूज जात नाही, आईला फक्त कोरड पडते. रात्री दोन वाजता पाजताना तहान लागते, तेव्हा उशाशी पाण्याचा तांब्या हवा. तिचं रात्रीचं पाणीत्यागाचं व्रत असेल तर महाराजांना किंवा माताजींना विचारून ती ठरवेल. सासूचं व्रत सुनेच्या घशाखाली उतरवायचं नसतं.

मग करायचं काय? लिहून ठेवा. ह्यातलं काहीच महाग नाही.

पाजायच्या आधी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं छातीवर एक-दोन मिनिटं. तेवढंच. शेगडीची धग, कढत पाण्याची धार छातीवर नको, उष्णतेने सूज वाढते. शेक पाठ-कमरेला द्या.

काळा भाग कडक असेल तर बाळाला लावण्याआधी तो मऊ करायचा. दोन्ही हातांची बोटं बोंडशीच्या मुळाशी चहूबाजूंनी टेकवायची आणि आत फासळ्यांच्या दिशेने हळू दाबून मिनिटभर धरायचं. सूज मागे सरकते आणि बाळाला धरायला जागा मिळते. दुखायला लागलं तर जोर कमी करायचा.

तरी मऊ झालं नाही तर हाताने थोडं दूध काढायचं. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेवर. आधी मागे छातीकडे दाबायचं, मग अंगठा-बोटं एकमेकांजवळ आणायची, सोडायचं. कातडीवरून घासत ओढायचं नाही. बाळाला पकडता येईल इतकंच काढायचं. पूर्ण रिकामं करायच्या नादी लागलात तर शरीर समजेल मागणी दुप्पट झाली, आणि उद्या दुप्पट दाटेल.

बाळाला लावताना त्याचं पोट आईच्या पोटाला, नाक बोंडशीसमोर. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलं की बाळ छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे वाकवायची नाही. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि नुसती बोंडशी न धरता काळ्या भागाचा बराचसा घास तोंडात. पोटावर टाके असतील तर कुशीवर झोपून किंवा बाळाचे पाय काखेखालून मागे घेऊन पाजावं.

पाजून झालं की गार पाण्यात पिळलेलं फडकं दहा-पंधरा मिनिटं. बर्फ थेट कातडीला लावू नका, फडक्यात गुंडाळा. कोबीच्या पानाबद्दल तुम्ही विचारालच. फ्रीजमधलं गार कोबीचं पान छातीवर ठेवायची रीत जगभर आहे, बऱ्याच जणींना त्याने बरं वाटतं. पण त्याच्याबद्दलचे शास्त्रीय पुरावे कच्चेच आहेत, आणि आपल्यातल्या कितीतरी घरांत कोबी आणतच नाहीत, पानापानांत जीव असतात म्हणून. तर त्यासाठी नियम मोडायची गरज नाही. गारवा हवा आहे, तो गाळलेल्या पाण्यातल्या स्वच्छ फडक्याने मिळतो. दुखणं फारच असेल तर पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन, डॉक्टरांना विचारून. दूध पाजणाऱ्या आईला ही औषधं देतात.

छाती आवळून बांधायची नाही. सैल सुती चोळी, खालून आधार देणारी. बांधल्याने नळ्या दबतात.

एवढं केलं की बहुतेक जणींना एक-दोन दिवसांत उतार पडतो. नाही पडला, किंवा ताप १०१ च्या वर गेला, थंडी वाजली, एका बाजूला लाल दुखरा चट्टा आला, गाठ हलेनाशी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्या नाही. आणि बाळ पाचव्या दिवसानंतर दिवसभरात सहा लंगोट ओले करत नसेल, सुस्त पडून असेल, तरीही डॉक्टर.

बाळ काचेच्या पेटीत असेल तर? तेव्हा तर आईने दोन-तीन तासांनी, रात्रीही, दूध काढत राहायचं. ते काढलेलं दूध चांदीच्या वाटी-चमच्याने पाजता येतं, बारशाच्या आहेरात आलेल्या त्या वाट्या शोकेससाठी नसतात. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दुसऱ्या आयांचं दूध मिळावं म्हणून. आईचं दूध इतकं मोलाचं की त्याची पेढी काढावी लागते.

आणि जिचं बाळ राहिलं नाही, तिचं काय? तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. बाळ गेलं तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध येतंच, शरीराला बातमी कळत नाही. त्या बाईला आपण एकटं सोडतो, नाहीतर छाती करकचून बांधून टाकतो. तिला गार फडकं द्या, सैल आधार द्या, ठणका सोसवेल इतकंच थोडं दूध काढायला शिकवा आणि डॉक्टरांकडे न्या. हळूहळू दूध ओसरतं. तिच्याजवळ बसा. तिला सल्ल्याइतकीच सोबतीची गरज असते.

आता तिसरं उत्तर, 'सहन कर, आम्हीही केलं.' ह्याच्याशी माझं सर्वांत मोठं भांडण आहे, कारण ते धर्माच्या नावाने केलं जातं. परिषह, तप, सहनशक्ती असे शब्द बाळंतिणीच्या तोंडावर फेकले जातात. मैत्रिणींनो, तप आपण स्वतःचं करतो. दुसऱ्याला दुखत ठेवून होतं ते तप नव्हे.

दशलक्षण पर्वात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचला जातो. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार त्यात आहेत. त्यातले तीन मला बाळंतिणीच्या खोलीत दिसतात. बांधून ठेवणं, ताकदीबाहेर ओझं लादणं, आणि अन्नपाण्यावाचून ठेवणं. पंडितजी हे समजावताना बैल, गाय, नोकरमाणूस यांची उदाहरणं देतात. मी म्हणते, भुकेलं बाळ आईपासून दूर ठेवून त्याला साखरपाणी चाटवणं, हे काय आहे? सुजलेली छाती आवळून बांधणं काय आहे? चार दिवसांच्या ओल्या बाळंतिणीला पाहुण्यांसमोर दोन-दोन तास पदर सावरून बसवणं काय आहे? आपण मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून वाकून चालतो. मग पलंगावरची पंचेंद्रिय जीव कण्हतेय, ती दिसत नाही?

काही जणी म्हणतील, ही सूतक पाळण्याविरुद्ध बोलते आहे. मुळीच नाही. उलट मी म्हणते, सूतक नीट पाळा! दहा दिवस तिला स्वयंपाकघर नाही, पूजा नाही, पुढे दीड महिना मंदिर नाही. म्हणजे त्या काळात तिच्यावर कसलंच काम नाही, तिने फक्त बाळ घेऊन बसायचं. इतकी चांगली सोय दुसरी कुठली? पण आपण सूतकाचा निषेध तेवढा ठेवला आणि विश्रांती मोडली. तिने तांब्याला शिवायचं नाही, पण तिच्या खोलीत दिवसभर पंधरा माणसं शिरलेली चालतात. दीर, सासरे, त्यांचे मित्र समोर बसलेले असताना ती पदराखाली बाळाला कशी नीट धरणार? ती लाजते, 'मग पाजते' म्हणते, आणि बाळ रडत रडत झोपून जातं.

आपल्या रीतींमध्ये चांगलंही आहे, ते सांगायला मला संकोच नाही. अष्टमूलगुणांत मध वर्ज्य, म्हणून आपल्या घरांत बाळाच्या जिभेवर मध लावत नाहीत. डॉक्टरही आज तेच सांगतात, एक वर्षाखालच्या बाळाला मध नको, बोट्युलिझम नावाच्या गंभीर आजाराचा धोका असतो. तेव्हा आपल्याकडचं ते सगळं फेका असं मी म्हणत नाही. तपासून घ्या. जे बाळाला आणि आईला दुखवत नाही ते ठेवा.

तरुण मुलींनाही दोन शब्द. मोबाईलवर बघून आठव्या महिन्यातच विजेचा पंप मागवून ठेवता. कामावर परत जाताना, बाळ दवाखान्यात असताना तो उपयोगी आहे. पण तिसऱ्या दिवशी छाती दाटली म्हणून तासन् तास पंप लावला तर दाटी वाढते, कारण तेच, मागणी-पुरवठा. आधी बाळ, मग हात, आणि अगदी लागला तर पंप. दुखतंय हे सांगायला लाजू नका. आईला सांगा, सासूबाईंना सांगा, नवऱ्याला सांगा. दवाखान्यातून निघण्याआधी नर्सकडून 'मला नीट लावून दाखवा' असं म्हणून शिकून घ्या, ती तुमची हक्काची सेवा आहे.

सासूबाईंनो, म्हणजे माझ्याच वयाच्या मैत्रिणींनो, आपलं काम दारावर आहे. पहिले दहा दिवस पाहुण्यांना फोनवरूनच सांगा, बारशाला या. आलेच तर बाहेरच्या खोलीत चहा. बाळ रडलं की मांडीवरून मांडीवर न फिरवता आईकडे न्या. तिच्या उशाशी पाणी, खाली ताट, बदलायला स्वच्छ फडकी. रात्री एकदा उठून 'लागलं का गं नीट?' एवढं विचारा. नवऱ्यांना गार फडकं पिळून आणता येतं, त्यांनाही आणू द्या.

आणि न्हाऊ घालणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगा: 'मावशी, पाठ, कंबर, पाय छान चोळा. छातीला हात लावायचा नाही.' त्या रागावतील, म्हणतील आजवर कुणी असं सांगितलं नाही. त्यांचे पैसे पूर्ण द्या, वर साडीचोळी द्या, पण शब्द मागे घेऊ नका.